मेण उरत नाही

सूसा
राजाचं चौदावं वर्ष. तिकडे नदीचं पाणी ओसरून पेरण्या सुरू झाल्या असतील.

तामीतताईस होरुजाचा नमस्कार.

प्ताहसमोर तुझं नाव रोज घेतो. इथे प्ताहचं देऊळ नाही, म्हणून भट्टीसमोर घेतो.

आम्ही पोचलो. मेंफिसमधून निघालेले सगळे पोचलो नाही. पलीकडच्या गल्लीतला सोनार हारवा वाटेत गेला. वाळूत ठेवला आणि पुढे निघालो. त्याच्या आईचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याचं नावही धड घेता आलं नाही. शिपाई म्हणाला, चला, ऊन वाढतंय.

राजाचा नवा वाडा उठतो आहे. सोनारांना सोनं दिलं, पाथरवटांना खांब दिले, आम्हा ओताऱ्यांना दारांचे खिळे. मोठे, मुठीएवढ्या डोक्याचे. खिळ्याला नाक-डोळे नसतात, त्यामुळे काम झटपट होतं. जेवायला देतात. बिअर पातळ आहे. कांदा गोड आहे, तो मला आवडत नाही.

ताई, मला परत पाठवणार नाहीत. तसं कोणी बोललेलं नाही. पण पहिल्यांदा तंबू दिले होते, आता भिंतींची खोली दिली. त्यावरून कळलं.

म्हणून एक काम सांगतो. मागच्या खोलीत, आईच्या कोनाड्याखाली, मडक्यात पाण्याखाली मेणाचा ओसिरिस आहे. शिपाई आले त्या सकाळी संपवला होता. तो पामीला दे. लंगडा, एका पायावर नाचणारा असला तरी गल्लीत उरलेल्यांत तोच बरा ओतारी. पायथ्यावर चारी बाजूंनी तू नाव कोर, लोकांची कोरतेस तसं. ओसिरिस जीवन देवो होरुजाला, तशेरीतच्या मुलाला. मग वर, वाळूतल्या देवळात ठेव. मी जिवंत आहे तोवरच नेऊन ठेव. म्हणजे इथल्या मातीत माझं काहीही झालं तरी तिथे मी देवाच्या पायाशी आईच्या नावासकट असेन. याहून जास्त काही मागत नाही.

पामीला सांग, पाणी चढलेलं असताना ओतायचं नाही. साचा बाहेरून वाळलेला दिसतो, आत ओला असतो. भट्टीत घातला तरी पोटात ओल धरून राहतो, आणि वितळलेलं कासं आत गेलं की ते बाहेर थुंकतो. कापणीच्या दिवसांत ओत म्हणावं. देव उलटा ओतायचा, डोकं खाली. मुकुटाची पिसं पातळ आहेत, तिथे आधी पोचलं पाहिजे. त्याला हे ठाऊक आहे. तरी सांग. त्याला राग येईल, तेवढीच माझी आठवण.

आईच्या थडग्यावर पाणी घालत जा.

होरू

*

मेंफिस
पंधरावं वर्ष. कापणी चालू आहे.

होरू,

तुझं पत्र एका कापडवाल्याने आणलं. त्याला भाकरी आणि सुकी मासळी दिली. तुला कधी बघितलंय का, असं विचारलं. म्हणाला, बाई, तिथे इतकी माणसं आहेत की मला माझं गाढवही सापडत नव्हतं.

मडकं काढलं. पाणी बदलत होतेच. तो तसाच आहे. हात छातीवर, डोळे शांत. मागून बघितला तर दोन खांद्यांच्या मधे तुझ्या अंगठ्याची खूण आहे. तू कधी अशी खूण ठेवत नाहीस, पुसून टाकतोस. त्या सकाळी वेळ मिळाला नसेल.

मी तो पामीकडे नेला आणि परत आणला.

पामी म्हणाला, "अगं, दे ना इकडे."

मी म्हटलं, "आज नको."

"मग आणलास कशाला?"

"तुला दाखवायला."

"बघितला. चांगला आहे. माझ्याइतका नाही. आता दे."

मी दिला नाही. तो ओरडत राहिला, "मेण म्हणजे काय नवरी आहे का, नुसती बघून परत न्यायला!" सगळी गल्ली हसली.

होरू, तुला सांगायला नको, भट्टीत गेला की तो राहणार नाही. तुझा हात लागलेली या घरात तेवढीच एक वस्तू आहे. हत्यारं शिपायांनी तुझ्याबरोबर नेली. कपडे मी धुतले, तेव्हा मला समजलं नव्हतं.

आणि तू मेल्यासारखा लिहू नकोस. भिंतींची खोली दिली म्हणजे काही झालं नाही. वाडा कधीतरी पुरा होईल. खिळे किती लागतात एका दाराला? आता पाणी चढेपर्यंत घाई होईल. पुढच्या कापणीत ओतू. तोवर तूच येशील, तूच ओत. पामीला बाजूला बसवून शिव्या दे.

आईला पाणी घालते. तुझं नाव घेऊन घालते.

तामीत

*

सूसा
पंधरावं वर्ष. उन्हाने दगड फुटतात असे दिवस.

ताई,

अक्षर माझं नाही, म्हणून घाबरू नकोस. उजव्या हातावर वितळल्या काशाची मूस फुटली. शेजारच्या अंथरुणावरचा पाख्नुम लिहितो आहे. स्वेनेतचा पाथरवट. पपायरसवर लिहितानाही छिन्नी धरल्यासारखी लेखणी धरतो. त्याला वाटतं जोर लावला की अक्षर चांगलं येतं. (पाख्नुम म्हणतो, फुकट लिहून घेणाऱ्याने तोंड बंद ठेवावं. मी त्याला म्हटलं, मी सांगतो तेच लिही. हेही लिही.)

हात बरा होतो आहे. डाव्या हाताने भाता ओढतो. मुकादम चांगला आहे, बसू देतो.

तू मेण दिलं नाहीस. मला वाटलंच होतं. ताई, अंगठा काही पाणी पीत नाही. देवळात नाव लागलं तर मेल्यावरही माझ्या वाटणीचं पाणी मला मिळेल. मेणाला मिळणार नाही. आणि अंगठा कुठे जात नाही. मेणावर जे आहे ते काशावर येतं. आपण लहानपणी मेणावर माशी ठेवून ओतली होती आणि बाबांनी मारलं होतं, आठवतं का? माशीचे पंखसुद्धा आले होते. तसाच अंगठा येईल. मेणापेक्षा जास्त दिवस राहील.

(पाख्नुम विचारतो, मेणाचा देव काशाचा होतो कसा? मी म्हटलं, ते ओताऱ्याच्या घरातलं आहे, पाथरवटाला सांगत नाहीत. तो रागावला. आता बघ, अक्षर आणखी जाड येईल.)

तो भला आहे. मी रोज संध्याकाळी आपल्या गल्लीतलं काहीतरी सांगतो, तो ऐकतो. पामीचा पाय, आईचा कोनाडा, मडकं, सगळं त्याला पाठ झालं आहे. त्याच्याकडे सांगायला काही नाही. मला म्हणतो, तू बोल.

हे पत्र राजाच्या माणसांबरोबर जातं आहे, लवकर पोचेल. पोचेल तेव्हा तिकडे कुठले दिवस असतील ते बघू नकोस. मेण दे. मी जिवंत आहे तोवर, असं लिहिलं होतं. ते विसरू नकोस.

होरू

*

मेंफिस
पंधरावं वर्ष. पाणी अजून शेतात आहे.

होरू,

पत्र मिळालं त्याच दिवशी मेण पामीकडे दिलं. या वेळी परत आणलं नाही.

आता सांगते. मुकुट आला. दोन्ही पिसं आली, टोकापर्यंत, कुठे भोक नाही. कपाळावरचा नाग आला. चेहरा तुझ्या मेणात होता तसाच आला, डोळे शांत, ओठ किंचित बाहेर. आईसारखे. मेणात मला ते दिसलं नव्हतं. हात छातीवर आले, एका हातात आकडा, एका हातात आसूड. पाठीवर अंगठा आला. मी बोट लावून बघितलं. तुझी प्रत्येक रेघ लागली बोटाला.

पामीने दिवसभर घासला.

तुझं नाव मी स्वतः लिहिलं. होरुजा, तशेरीतचा मुलगा. मग वर घेऊन गेले. पुजाऱ्याने हातात घेऊन बराच वेळ बघितला. मग ठेवून घेतला. आत खूप देव आहेत, खांद्याला खांदा लावून उभे. तुझा भिंतीपासून दुसऱ्या रांगेत आहे, एका काशाच्या मांजरीच्या शेजारी.

आता तू निश्चिंत राहा. हाताची काळजी घे. मध मिळत असेल तर लाव.

पाख्नुमला सांग, अक्षर जाड आहे पण वाचता येतं.

तामीत

*

सूसा
सोळावं वर्ष. इथे गारठा संपत आला.

ताई,

तुझं पत्र आलं. आमच्या खोल्यांच्या या ओळीत कोणाला आलेलं ते पहिलंच पत्र. जेवताना मोठ्याने वाचलं. स्वेनेतचे, साइसचे, सगळे ऐकत होते. पिसांशी आल्यावर एक म्हातारा म्हणाला, परत वाच. परत वाचलं.

मी बरा आहे. हाताचं आता काही दुखत नाही. लिहायची सवय मात्र पाख्नुमलाच लागली, म्हणून अक्षर त्याचंच.

आपल्या गल्लीतलं सगळं रोज आठवतं. पामीचा पाय आठवतो. आईच्या कोनाड्याखालचं मडकं आठवतं. संध्याकाळी सगळ्या भट्ट्यांचा धूर नदीकडे जातो तो आठवतो. तुझा ओसिरिस तिथे उभा आहे, मांजरीच्या शेजारी, हे आठवलं की काम हलकं होतं.

मेण नीट ठेवलंस ना? पुन्हा त्याच मडक्यात ठेव, पाणी बदलत जा. पुढच्या कापणीत पामीला सांगून त्यावरून दुसरा देव काढून घे. त्यावर पाख्नुमचं नाव लिहिता येईल. त्याला मागे कोणी नाही. त्याला विचारलं तर नको म्हणेल. पण मनातून त्याला हवं आहे, हे मला माहीत आहे.

आणखी लिहीत जा. लहानसहान लिही. बाजारात कोण भेटलं, काय शिजवलं, तेही चालेल.

होरू

*

मेंफिस
सोळावं वर्ष. पाणी चढायला अजून अवकाश आहे.

पाख्नुमला.

होरूच्या नावाने आलेलं पत्र मी पामीला वाचून दाखवलं. तो भाता ओढत होता. मडक्याशी आल्यावर थांबला.

म्हणाला, "ते परत वाच."

मी वाचलं.

"हे होरूचं नाही."

मी म्हटलं, "ताप असेल. तापात बरळला असेल."

पामी म्हणाला, "तापात माणूस बायकोचं नाव विसरेल. ओतारी हे बोलणार नाही."

मग त्याने भट्टी विझू दिली.

मेण उरत नाही, पाख्नुम. मेणाभोवती माती लिंपतात, ती भाजतात, मेण वितळून वाहून जातं आणि त्याची जागा रिकामी राहते. त्या जागेत कासं ओततात. मग माती फोडतात. साचाही उरत नाही. एका मेणाचा एकच देव होतो. दुसरा काढायचा तर दुसरं मेण लागतं, आणि दुसऱ्या मेणाला तेच हात लागतात. आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे सांगावं लागत नाही. तुला होरूने सांगितलं नाही, कारण घरातलं बाहेर सांगत नाहीत.

तो कधी गेला?

डोकं कुठल्या दिशेला ठेवलं? अंगाला काय लावलं? त्याचं नाव आईच्या नावासकट कोणी घेतलं का? तुला माझ्या आईचं नाव माहीत आहे. तू हारवाच्या बरोबरच्यांसारखा नाहीस, तुला माहीत होतं. घेतलंस का?

माझं पत्र त्याने ऐकलं का? एवढं आधी सांग. माझं पत्र पोचलं तेव्हा तो होता का?

तू खोटं लिहिलंस, म्हणून मीही जे लिहिलं नाही ते लिहिते. मी लिहिलं होतं त्यातलं काही खोटं नाही. मुकुट आला, चेहरा आला, हात आले, अंगठा आला. कमरेखाली काही आलं नाही.

होरूने सांगितलं होतं, पाणी असताना ओतू नका. त्यानेच नंतर सांगितलं, दिवस बघू नका. मी दुसरं ऐकलं. गल्लीत घोट्याएवढं पाणी होतं, जळण ओलं होतं. पामी म्हणत होता थांब, मी म्हटलं त्याने थांबू नको म्हटलंय. साचा थुंकला. उलटा ओतला होता म्हणून डोक्याकडचं आधी भरलं होतं, तेवढं राहिलं. पाय नाहीत. पायथा नाही. नाव पायथ्यावर कोरायचं होतं.

पामी जमिनीवर बसला. म्हणाला, "ओसिरिसचे तुकडे त्याच्या बायकोने देशभर फिरून गोळा केले. तुझ्या भावाने निम्मी पायपीट वाचवली." मला हसवायला म्हणाला. मग तोच रडला.

मी उंबराच्या लाकडाचा ठोकळा घेतला, त्याला खाच पाडली, त्यात देव डिंकाने बसवला. ठोकळ्यावर शाईने नाव लिहिलं. पुजारी म्हणाला, "बाई, याचे पाय कुठे?" मी म्हटलं, "ओले होते." त्याला काय कळलं कोण जाणे. म्हणाला, "या देवाचे तुकडे झालेलेच होते. ठेव." कासं राहील. लाकूड वाळवी खाईल. वरच्या वाळूत वाळवी खूप आहे. देव राहील आणि तो कोणाचा, ते राहणार नाही.

मला वाटलं, दुसऱ्या वर्षी पायथा वेगळा ओतून घेऊ, मग होरूला खरं सांगू. तोवर त्याने समाधानात राहावं.

आता उत्तर दे. आणि तुझ्या नावाने दे.

तामीत

*

सूसा
सोळावं वर्ष. वाड्याच्या खांबांवर दगडी बैल चढवले.

तामीतबाईंना स्वेनेतच्या पाख्नुमचा नमस्कार.

मला खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे नमुना राहतो. गुरू एक मस्तक कोरून ठेवतो, त्यावरून पोरं शंभर कोरतात, नमुना तसाच. मला वाटलं मेण म्हणजे तसा नमुना. जपायचा म्हणून पाण्यात ठेवतात.

तुम्ही विचारलंत त्या क्रमाने सांगतो.

त्याने तुमचं दुसरं पत्र ऐकलं नाही. मुकुटाचं. ते आलं तेव्हा तो नव्हता. हात बरा होत नव्हता, त्याने लिहायला सांगितलं म्हणून मी तसं लिहिलं. हात काळा पडत वर सरकत होता. मुकादम बसू देत नव्हता. पत्र गेलं आणि थोड्याच दिवसांत तो गेला. शेवटपर्यंत विचारत होता, आता पोचलं असेल का. मी म्हणायचो, पोचलं. तो म्हणायचा, तिकडे पाणी असेल. आणि मग, लिहायला नको होतं, असं म्हणायचा. काय लिहायला नको होतं ते मला कळलं नव्हतं. तुमचं पत्र वाचून कळलं.

डोकं पश्चिमेला ठेवलं. आम्ही सहाजण होतो, भांडून ठेवलं. इथे लोक कसंही ठेवतात. अंगाला लावायला, अंग सुकवून टिकवणारा आपल्या खोऱ्यातला खार इथे नाही. भटारखान्यातून मीठ चोरलं. छाती आणि पोट झाकलं गेलं. पायांना कमी पडलं. तुम्ही पायांचं लिहिलंत तेव्हा मी पत्र खाली ठेवलं.

नाव मी घेतलं. आईच्या नावासकट. माझा आवाज मोठा आहे, खाणीत ओरडून सवय आहे.

नंतर तुमचं पत्र आलं. मी ते फोडणार नव्हतो. पण पत्र बघून सगळे जमले. म्हणाले, वाच. मी वाचत गेलो आणि कोणीच म्हणालं नाही की ज्याला आलंय तो नाही. म्हातारा म्हणाला, परत वाच. तेव्हा मला वाटलं, मी खरं लिहिलं तर पुन्हा पत्र येणार नाही. आम्हाला कोणाला येत नाहीत. म्हणून लिहिलं. वाईट केलं हे माहीत आहे. तरी पुन्हा करणार नाही असं म्हणवत नाही.

एक विचारतो. नाही म्हणालात तर राग नाही. ठोकळ्यावर होरुजाच्या नावाखाली जागा असेल तर माझं नाव लिहाल का? बारीक लिहा. वाळवी खाईल, खाऊ दे. तोवर चालेल. आईचं नाव मला माहीत नाही. खाणीच्या झोपड्यांत सापडलो, पाथरवटांनी वाढवलं. ज्याने त्याने आपलं जेवण थोडं थोडं दिलं. आईच्या नावाशिवाय चालतं का, ते पुजाऱ्यांना विचारा.

पत्र वाहणारा उद्या निघतो म्हणून थांबतो. अक्षर जाड आहे, माफ करा.

पाख्नुम

*

मेंफिस
सतरावं वर्ष. कापणी उरकत आली.

पाख्नुम,

भाऊ म्हणते. होरूचं डोकं पश्चिमेला ठेवलंस, म्हणून.

आईच्या नावाशिवाय चालत नाही. पुजाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, एका नावाचे शेकडो असतात, देवाने कोणाला ओळखायचं? स्वेनेतकडे जाणाऱ्या नावाड्याबरोबर मी खाणीवर निरोप पाठवला, तुझी आई कोणाला आठवते का म्हणून. निरोप परत आला. ज्यांनी तुला वाढवलं त्यांतलं तिथे कोणी नाही.

पायथा ओतायचा राहिला. पामीची छाती भरली आहे. भाता ओढवत नाही. गल्लीत दुसरा कोणी नाही. मागच्या पाण्यानंतर शिपाई आणखी एकदा येऊन गेले.

आणि आता वेळही नाही. देवळातली खोली भरली. नव्या देवांना जागा नाही म्हणून जुने उद्या खाली घेणार. दरवाज्याजवळ खड्डा खणला आहे. सगळ्यांना कापडात गुंडाळून त्यात ठेवतील, वर वाळू लोटतील, वर फरशी. टाकून देत नाहीत, देवाचं देवाकडेच राहतं. पण पुन्हा कोणाला दिसत नाही. मला वाटलं होतं तो माझ्या हयातीत तरी उभा राहील. मांजरीचंही काल गुंडाळून झालं.

आज पुजाऱ्याने थोडा वेळ ठोकळा हातात दिला. वाळवी एका कोपऱ्याला लागली आहे. होरूच्या नावापर्यंत आली नव्हती. मी खाली तुझं नाव लिहिलं. बारीक नाही, त्याच्याएवढंच. पाख्नुम, तशेरीतचा मुलगा. आमच्या आईचं नाव घातलं. तिला विचारायला ती नाही. ती नाही म्हणाली नसती असं नाही, तिचं कोणाशी पटायचं नाही. पण घातलं. आता बदलता येणार नाही.

पामी म्हणाला, "एका आईची दोन पोरं आणि दोघांना मिळून अर्धा देव." या वेळी मी हसले.

देवाच्या पाठीवरच्या अंगठ्यावर एकदा बोट ठेवलं आणि पुजाऱ्याला परत दिला.

हे पत्र घेऊन जाणारा कापडवाला सांगतो की सूसाचा वाडा झाला. पाथरवटांची टोळी पुढे हलवली, डोंगरांतल्या दुसऱ्या शहराकडे. वाटेत तापाची साथ होती. कोण पोचलं ते त्याला माहीत नाही. तरी तो पत्र घेतो म्हणाला. त्याला मासळी दिली.

मी रोज पाणी घालते. आईचं, होरूचं, तुझं, अशी तीन नावं घेते. माझ्यानंतर ती घेणारं कोणी नाही.

तू असलास तर लिही.

तू नसशील आणि हे दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं, तर त्याने ते मोठ्याने वाचावं, हवं तर परत वाचावं. पण उत्तर लिहू नये.

तामीत